दवाखान्याचा ड्रेस

ओझेलाच्या पायाला खरं तर नऊ नंबरचे गमबूट लागत, पण ती अकराचे वापरायची. मासळीच्या कारखान्यात उभ्या राहणाऱ्या सगळ्याच बायकांचं हे असंच होतं. सकाळी सहाला पाय आत घालताना बूट ढिले वाटतात आणि संध्याकाळी तेच बूट दोघींनी धरून ओढावे लागतात. पाय सुजले म्हणून तिथे कधी कुणी कुणाला 'काय झालं' असं विचारलं नव्हतं. त्यामुळे ऑगस्टात तिच्या लेकीने, रेनीटाने, आठव्या महिन्यात बाराचे बूट मागितले तेव्हा कोठीवाल्याने काही न बोलता काढून दिले. ओझेलाही काही बोलली नाही. पुढे तिला या बुटांची फार आठवण यायची होती.

त्या उन्हाळ्यात न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला, डेल्टात, पावसाचा टिपूस नव्हता. तळ्यांचं पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं तापलेलं. कॅटफिश पहाटेच पांढरी पोटं वर करून तरंगू लागायचे. मरायच्या आत कापून बर्फात टाकायचे, म्हणून कारखाना दहा तासांच्या जागी बारा तास चालू होता. ओझेला कारखान्यात तीसेक वर्षं होती, त्यातली एकवीस सुरीवर. मासा आला की कल्ल्यामागे एक घाव, मग पाठीच्या काट्यालगत सुरी सरकवायची, उलटवायचा, परत तेच. मिनिटाला किती व्हायला हवेत ते भिंतीवरच्या पाटीवर लाल दिव्यांनी दिसायचं. रेनीटा तिच्यापासून चार जागा पुढे, तुकडे निवडायला.

लाइनीवरच्या चाळीस बायकांना संडासला जायला लाकडाचा एकच बिल्ला होता, खिळ्याला टांगलेला. बिल्ला जाग्यावर असेल तरच जायचं. रेनीटाला दर तासाला लागायचं आणि दर तासाला बिल्ला दुसरीकडे असायचा. एकदा तिने मुकादमाला, हॉलिसला, विचारलं, "साहेब, निदान एक स्टूल तरी द्या. पाय उरले नाहीत."

हॉलिस माणूस वाईट नव्हता, निव्वळ आळशी होता. म्हणाला, "तुला दिलं की उद्या सगळ्यांना हवं. आणि पोटुशी काय तू एकटीच आहेस का?"

"एकटी नाही साहेब, पण या पायांवर उभी तर मीच आहे ना!"

बायका हसल्या. हॉलिसही हसला. स्टूल काही आलं नाही.

संध्याकाळी घरी जाताना गाडीत रेनीटाने पाय समोरच्या फळीवर टाकले आणि डोळे मिटून घेतले. तिचा नवरा, सेड्रिक, नदीवरच्या बार्जवर कामाला. अठ्ठावीस दिवस पाण्यावर आणि चौदा दिवस घरी, अशी त्याची पाळी. तो आत्ता न्यू ऑर्लिन्सच्या खाली कुठेतरी होता. बाळंतपणाचा सगळा भार म्हणजे ओझेला आणि तिची चौदा वर्षं जुनी गाडी. त्यात मार्चमध्ये गावच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा विभाग बंद झालेला. कामाला जाताना ओझेलाने स्वतः पाहिलं होतं, पाळणे एकावर एक रचून ट्रकात भरत होते. आता अपघात, ताप आणि छातीत दुखणं एवढंच तिथे बघत. बाळंत व्हायचं तर साठ मैल.

*

डोरेथा आली ती शनिवारी सकाळी. ओझेला व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती. आरोग्य खात्याची पांढरी गाडी दारात थांबली आणि तिच्यातून ही उतरली, खांद्याला निळी बॅग, कानात मोती, ब्लाउजला कडक इस्त्री.

"अगंबाई, सरकारच्या गाडीतून यायला लागलीस की! सुरी कशी धरायची ते मी शिकवलं होतं, हे तरी आठवतंय ना?"

"आठवतंय म्हणून तर तुमचं घर शेवटी ठेवलं, मिस ओझेला. म्हटलं, हाकलून दिलंत तर निदान दिवस संपलेला असेल."

"अकरा वाजलेत."

"बाकीच्यांनी लवकर हाकललं," डोरेथा म्हणाली आणि पायरीवर टेकली.

सात वर्षं ती ओझेलाच्या शेजारी उभी राहिली होती. मग रात्रीच्या वर्गाला जाऊन शिकली, आणि आता चार काउंट्यांत घरोघर फिरून पोटुशा आणि ओल्या बाळंतिणींना बघायचं काम करत होती. बॅगेतून तिने प्रेशर मोजायचा पट्टा काढला आणि रेनीटाच्या दंडाला लावला. मग तो काढून मोठा लावला.

"क्लिनिकात लहान पट्टा लावतात. मग आकडा जास्त येतो, मग म्हणतात यंत्र चुकलं. असलं काही नको आपल्याला." तिने आकडा वहीत लिहिला. "थोडं वर आहे. रोज दोनदा बघायचं, सकाळ-संध्याकाळ. हे यंत्र तुमच्याकडेच राहील. आणि बाळ झाल्यावर सुद्धा सहा आठवडे."

"बाळ झाल्यावर कशाला?" ओझेलाने विचारलं.

डोरेथा शेंगांच्या टोपलीतून एक शेंग घेऊन सोलायला लागली. "माझं अर्धं काम हे फिरण्याचं आहे, मिस ओझेला. अर्धं बसून वाचण्याचं. मेलेल्या बाळंतिणींचे कागद येतात माझ्यापुढे. आपल्या काळ्या बायका गोऱ्या बायकांपेक्षा तिपटीने मरतात. शिकलेल्या, नोकरीवाल्या, देवभोळ्या, सगळ्या. आणि निम्म्या मरतात त्या घरी आल्यावर. सगळे बाळाकडे बघत असतात ना तेव्हा. आणि प्रत्येकीच्या कागदात कुठेतरी एक ओळ असतेच, की बाई सांगत होती. बाई सांगत होती आणि कुणीतरी म्हणालं, बसा जरा."

ओझेलाला कुणी हे सांगायची गरज नव्हती.

डोरेथाने एक कार्ड काढलं, पोस्टकार्डाएवढं, वर मोठ्या अक्षरांत तीन ओळी. "हे जवळ ठेवायचं. वरचा आकडा एकशे साठ किंवा खालचा एकशे दहा, किंवा डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे आले, की कुठल्याही हॉस्पिटलात जायचं आणि हे असंच वाचायचं. पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. 'ही इतक्या दिवसांची बाळंतीण आहे.' हे सांगितलं नाही तर कुणी विचारत नाही. दुसरी ओळ, आकडा. तिसरी, 'आम्ही बसणार नाही.'"

"बसणार नाही? आणि पोलीस बोलावले की काय करायचं, नाचायचं?"

रेनीटा हसली. डोरेथाही हसली, पण कार्ड पुढे धरूनच. ओझेलाने ते घेतलं आणि कारखान्याच्या कोटाच्या खिशात टाकलं. तो पांढरा कोट तिच्या अंगावर दिवसाचे बारा तास असायचा. त्यातली वस्तू हरवत नसे.

*

बाळंतपण सप्टेंबरच्या सुरुवातीला झालं, तीन आठवडे आधी. साठ मैल ओझेलाने गाडी हाकली. मुलगी झाली, साडेचार पौंडांची, सोललेल्या उंदरासारखी. पण रडली मात्र अशी की दाईच दचकली. इमानी नाव ठेवलं. डॉक्टर दोनदा आला आणि दोन्ही वेळा कागदाशी बोलला. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. सेड्रिकने बार्जवरून फोनवर पोरीचं रडणं ऐकलं आणि स्वतःच रडला.

नऊ दिवस झाले आणि ओझेला परत सुरीवर उभी राहिली. दोघींनी घरी बसून कसं चालेल?

त्या दिवशी साडेअकराच्या सुट्टीत हॉलिस तिच्याजवळ आला. "ऑफिसात तुझ्या पोरीचा फोन आला होता. डोकं दुखतंय म्हणे."

"कधी आला होता?"

"दहाला असेल. तेव्हा लाइन चालू होती ना."

ओझेलाने सुरी धुतली नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा ती तशीच टाकून निघाली. कोट, बूट, जाळीची टोपी, सगळं अंगावर तसंच.

घरी रेनीटा पडदे ओढून कोचावर पडली होती, डोळ्यांवर ओला फडका. शेजारची, चर्चमधली सिस्टर लव्ही बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "सकाळपासून असं करतेय," लव्ही कुजबुजली. "उजेड सहन होत नाही म्हणते."

ओझेलाने पट्टा लावला. डोरेथाने दाखवला तसा नीट लावला. यंत्र गुरगुरलं, सुटलं. एकशे चौऱ्याहत्तर. खाली एकशे बारा. तिने परत लावला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

डोरेथाला फोन केला. पलीकडून गाडीचा आवाज येत होता. "मी पार पलीकडच्या काउंटीत आहे, मला दोन तास तरी लागतील. अँब्युलन्सची वाट बघू नका, एकच आहे. गावच्या हॉस्पिटलात न्या. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. आत्ता निघा मिस ओझेला. आहात तशा निघा."

"निघतेच," ओझेला म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की ती निघालीच आहे.

फोन ठेवला आणि आरशात तिला स्वतःचं ध्यान दिसलं. कोटावर रक्ताचे शिंतोडे, बाहीला खवले, आणि वास. तो वास तिला एरवी यायचाच नाही. त्या दिवशी आला.

एकोणतीस वर्षांपूर्वी तिला कळा सुरू झाल्या त्या लाइनीवरच. पहिलटकरीण. अशीच गेली होती, बूट, कोट, सगळ्यासकट. हॉस्पिटलातल्या बाईने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली, "आत पेशंट आहेत, बाहेर बाकावर बस. हवा आहे तिथे." ओझेला बाहेर बसली. तेव्हा ती बस म्हटल्यावर बसणारी होती. दुपार टळली तेव्हा कुणीतरी बाहेर आलं. पोरगा पोटातच गेलेला होता. त्याचं नाव ठरलेलं होतं, एल्बर्ट. ते नाव त्या घरात परत कुणी घेतलं नाही.

तेव्हापासून तिचा नियम झाला. डॉक्टरकडे जायचं तर अंघोळ करून, केस बसवून, इस्त्रीचे कपडे घालून. घरात प्रत्येकाचा दवाखान्याचा वेगळा पोशाख. तिचा निळा, पांढऱ्या कॉलरचा. रेनीटाचा पिवळा. ओझेलाच्या नवऱ्याला, रूफसला, छातीत कळ आली तेव्हा तोसुद्धा टाय बांधून गेला आणि त्याच टायमध्ये पुरला गेला. कपडे शोधायची दगदग वाचली. लोक हसायचे. हसू देत. अंगाला वास असलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

"दहा मिनिटं," ती लव्हीला म्हणाली, आणि इस्त्रीची पिन लावली.

"डोरेथा म्हणाली ना, तशाच..."

"डोरेथाच्या कानात मोती असतात, लव्ही. तिला कोण बाहेर बसवतंय? धर पोरीला."

खरं सांगायचं तर रेनीटाही नाही म्हणाली नाही. ती याच घरात वाढली होती. भिंत धरत उठली आणि म्हणाली, "आई, केसांना जरा तेल लाव. कसे झालेत बघ." ओझेलाने तिचं अंग पुसलं, तेल लावून केस मागे बसवले, राखेसारख्या झालेल्या ओठांना लाली लावली, तोंडावर पावडर फिरवली. पिवळा ड्रेस घातला. बटणं लावताना रेनीटाला बटण सापडेना, तेव्हा ओझेलाने लावली. मग स्वतः हात घासले, लिंबाने घासले, निळा ड्रेस घातला, चर्चची टोपी घातली. कोट दारामागच्या खुंटीला टांगला.

दहा मिनिटांची चाळीस झाली.

*

हॉस्पिटलातली खिडकीवरची पोरगी गोरी, विशीतली, गोड. "अय्या, किती सुरेख ड्रेस!" ती रेनीटाला म्हणाली. "लग्नाला निघालात की काय? काय होतंय?"

"डोकं दुखतंय तिचं. फार दुखतंय," ओझेला म्हणाली. "प्रेशर एकशे अठ्ठ्याहत्तर आहे. घरी बघितलं आम्ही."

"घरच्या यंत्रांचं काही खरं नसतं हो, मॅडम. आम्ही बघू. नाव? जन्मतारीख? विम्याचं कार्ड?"

ओझेलाने सगळं दिलं. आणि तेवढ्यात तिच्या मनात काय आलं, ते तिने पुढे फक्त एकदाच कबूल केलं. तिच्या मनात आलं, ही मला मॅडम म्हणाली. बघा, इस्त्रीचा गुण.

"बसा हं. बोलावते."

त्या दोघी बसल्या. बसल्यावर ओझेलाला आठवलं की काहीतरी वाचायचं होतं. तीन ओळी होत्या. आकडा तिने सांगितला होता, ती एक झाली. दुसरी बसायची नाही म्हणून काहीतरी होती. आणि पहिली? तिने पर्स उघडली. पर्समध्ये रुमाल, पेपरमिंट, चर्चचं पाकीट. कार्ड कोटात होतं, कोट दारामागे होता आणि दार पंधरा मिनिटांवर.

ती उठून खिडकीशी गेली. "लेकीला काजवे दिसतायत म्हणते. जरा लवकर..."

"तिच्या आधी तीन पेशंट आहेत, मॅडम. एकाचा हात मोडलाय." पोरीने रेनीटाकडे मान उंचावून बघितलं. "छान बसलीय की ती."

आणि रेनीटा बसली होतीही छानच. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, हात मांडीवर, लहानपणापासून चर्चमध्ये शिकवल्यासारखी. तेल लावलेले केस चमकत होते. ओठ लाल होते. पावडरीखाली काय चाललंय ते कुणाला दिसणार?

अर्धा तास गेला. ओझेलाने लेकीचा हात धरला होता. हात थंडगार होता. मग तिला दिसलं की पिवळ्या ड्रेसवर छातीपाशी दोन ओले डाग पडलेत आणि पसरतायत. पोरीची प्यायची वेळ झाली होती आणि दुधाला काही सांगून थांबवता येत नाही. ओझेलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत! तिने आपली शाल काढली आणि लेकीच्या छातीवरून पुढे ओढून नीट बसवली.

"उकडतंय, आई," रेनीटा म्हणाली.

"असू दे. डाग दिसतायत."

पाऊण तास झाला असेल. शिफ्ट संपवून एक म्हातारी नर्स पर्स लटकवून दाराकडे चालली होती. काळी, जाड चष्म्याची, पायात सपाट चपला, ओझेलासारखीच पाय ओढत चालणारी. ती समोरून जाताना रेनीटा काहीतरी बोलली. "आई, ती खिडकी..." पण शब्द तोंडातून वाकडे पडले, आणि शाल सरकून जमिनीवर आली.

नर्स थांबली. तिने डाग बघितले. "बाळ किती दिवसांचं?"

"नऊ," ओझेला म्हणाली. "आज नऊ दिवस झाले." आणि म्हणता म्हणता तिला कळलं की पहिली ओळ हीच होती.

त्यानंतर नर्स जी ओरडली, तसं ओरडणं ओझेलाने कारखान्यातही ऐकलं नव्हतं. खिडकीतली पोरगी उभी राहिली, दारं आपटली, चाकांचा पलंग धावत आला. रेनीटाला झटके सुरू झाले होते. टोपी, पर्स, पेपरमिंटच्या गोळ्या सगळीकडे. ओझेलाला कुणीतरी भिंतीशी सारलं आणि तिथून तिने पाहिलं की एका पोराने मोठी कात्री घेतली आणि पिवळा ड्रेस कॉलरपासून खालपर्यंत फाडल्यासारखा कापून टाकला. दोन्ही अर्धे दोन बाजूंना पडले. इस्त्रीची घडी अजून तशीच होती त्यांच्यावर.

डोरेथा पोचली तेव्हा रेनीटाला मोठ्या हॉस्पिटलात नेणारं हेलिकॉप्टर उठत होतं.

*

रेनीटा वाचली. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईने ओझेलाला समोर बसवून, डोळ्यांत बघून सांगितलं की मेंदूत थोडं रक्त सांडलं होतं, पण वाचली. "घरात तो पट्टा नसता तर तुम्ही तिला निजवून ठेवलं असतं आणि ती उठली नसती," ती म्हणाली. लुळा पडलेला उजवा हात परत चालेल का, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "थोडं लवकर औषध मिळालं असतं तर... सांगता येत नाही. व्यायाम करायचा."

ऑक्टोबरात घरी आणलं. सेड्रिक पंधरा दिवस राहून पुन्हा बार्जवर गेला, जायलाच लागलं. रेनीटाचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा. ती डाव्या हाताने बाळाचा लंगोट बदलायला शिकत होती. एक वेळ बदलायला वीस मिनिटं लागत. ओझेलाने मदतीला हात पुढे केला की म्हणायची, "राहू दे आई, मी काय कुठे पळून चाललेय?"

गुरुवारी डोरेथा कागद घेऊन आली. प्रेशर बघितलं, बाळाला तोललं, मग व्हरांड्यात ओझेलाजवळ बसली. ओझेला कारखान्यातून नुकतीच आली होती, कोटासकट.

"मेलेल्यांचेच नाही, वाचलेल्यांचे पण कागद आता आम्ही भरतो," डोरेथा म्हणाली. "उशीर कुठे झाला ते विचारायचंय. कुणाला दोष द्यायला नाही."

"दे की दोष. मी कुठे नको म्हणतेय?"

"दहाला फोन केला. निरोप साडेअकराला मिळाला." डोरेथाने खूण केली. "घरी पावणेबारा. माझ्याशी बोलणं बाराला. हॉस्पिटलच्या वहीत एकला नोंद आहे." तिने पेन थांबवलं. "गाडी सुरू होईना का? पेट्रोल? बाळाला ठेवायला कुणी नव्हतं?"

ओझेलाने कागदाकडे पाहिलं. उशिराची कारणं एकाखाली एक छापलेली होती, प्रत्येकापुढे एक चौकोन. गाडी सुरू झाली नाही म्हणणं फार सोपं होतं. चौदा वर्षांची गाडी, कुणीही मानलं असतं.

"इस्त्री करत होते," ती म्हणाली.

डोरेथाने सगळे चौकोन वरून खाली परत वाचले.

"ड्रेसला इस्त्री केली. तिचा आणि माझा. केसांना तेल लावलं. तू आहात तशा निघा म्हणालीस, मला नीट ऐकू आलं होतं. आणि तिथे गेल्यावर ती पोरगी मला मॅडम म्हणाली, तर मला बरं वाटलं, डोरेथा. माझी लेक तिकडे मरत होती आणि मला बरं वाटलं!" तिने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. "आणि तिचं दूध दिसत होतं ते मी माझ्या हाताने झाकलं. हेही लिही."

रस्त्यावरून मासळीचा ट्रक पाणी गळत गेला.

"यात चौकोन नाही त्याचा," डोरेथा शेवटी म्हणाली. मग कानातला मोती चाचपला. "माझी आई मला दाताच्या डॉक्टरकडे नेताना पांढरे हातमोजे घालायची. मी अजून हे काढून जात नाही. कुठेच." तिने पेन टेकवलं. "काय लिहू?"

"लिही, एकोणतीस वर्षांपूर्वी अंगाला वास येत होता म्हणून बाहेर बसवलं आणि पोरगा गेला. आता वास घालवून, नटवून नेली तर म्हणाले छान दिसतेय, बसा. मग आम्ही यायचं तरी काय घालून, ते एकदा त्यांना विचार. आणि उत्तर आलं की मला येऊन सांग. मी घालीन ते."

डोरेथाने ते जसंच्या तसं लिहिलं. लिहायला जागा पुरली नाही, तर कागद उलटून मागे लिहिलं. वाचून दाखवलं. ओझेलाने मान हलवली.

"वर पाठवशील?"

"पाठवीन. वाचतील का ते माहीत नाही. पण त्या खिडकीवर पाटी लावायला लावलीय मी. येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायचं, गेल्या वर्षात बाळंत झाली होतीस का. कालपासून विचारतात."

"ती पोरगी विचारते?"

"तीच. रडली म्हणे ती नंतर."

"रडू दे," ओझेला म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "लहान आहे बिचारी."

डोरेथा गेली. ओझेला आत आली. रेनीटा कोचावर बसून डाव्या हाताने बाळाच्या पाठीवर थापट्या मारत होती. "सोमवारी हिला डॉक्टरकडे न्यायचंय, आई. सुईला. हिला काय घालू?"

ओझेलाने पेटीतून एक झबलं काढलं, पांढरं, वीतभर, गळ्याला लेस लावलेलं. इस्त्रीची पिन लावली. रेनीटा आईकडे बघत राहिली.

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. म्हणूनच आज करतेय. परत तेव्हा नको."

तिने झबल्याच्या बाह्या सरळ केल्या, लेस मोडू नये म्हणून टोकाने इस्त्री फिरवली. मग कारखान्याच्या कोटाच्या खिशातून ते कार्ड काढलं. पाण्याने आणि मासळीने ते कडक झालं होतं, पण तीन ओळी वाचता येत होत्या. तिने ते सेफ्टी पिनेने झबल्याच्या छातीशी टाचलं आणि झबलं दारामागच्या खुंटीला, जाताना हात पोचेल असं टांगलं. रूफसचा टाय त्याच्याबरोबर गेला होता, रेनीटाचा पिवळा ड्रेस हॉस्पिटलच्या कचऱ्यात गेला होता. आता ओझेलाच्या निळ्या ड्रेसशेजारी सहा आठवड्यांच्या इमानीचाही दवाखान्याचा ड्रेस लागला.